काळ्या स्त्रियांच्या आत्मकथनांना कात्री लावू नका : मराठी प्रकाशक आणि अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
मराठी प्रकाशक, अनुवादमालांचे संपादक
आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य

स. न. वि. वि.

अनुवादित आत्मकथनांच्या एका नव्या मालेसाठी अनुवादकांना पाठवलेल्या सूचना आमच्या वाचनात आल्या. प्रत्येक पुस्तक १६० पानांत बसवावं, मूळ प्रस्तावना, परिशिष्टं आणि टिपा घेऊ नयेत, मजकूर किशोरवयीन मुलांच्याही हाती देता येईल असा ठेवावा आणि भाषा ‘प्रेरणादायी व ओघवती’ असावी, असं त्यांत म्हटलं आहे. यादीतली बहुतेक नावं अमेरिकेतल्या आणि कॅरिबियन बेटांवरच्या काळ्या स्त्रियांची आहेत. त्याच सुमारास एका अभ्यास मंडळानं याच स्त्रियांच्या लेखनातले दोन-दोन पानांचे उतारे नेमले. उताऱ्याखाली नाव आहे. मजकूर कुणी सांगितला, कुणी लिहून घेतला, कुठे आणि केव्हा छापला, याचा पत्ता नाही. संस्थांची नावं आम्ही मुद्दाम घेत नाही. ही एका संस्थेची चूक राहिलेली नाही, हा आता शिरस्ता होऊ लागला आहे.

आम्ही या मजकुरांचे अनुवाद करणारे, मुद्रितं तपासणारे आणि ते वर्गात शिकवणारे लोक आहोत. या पुस्तकांवर आमचीच नावं येणार आहेत आणि वर्गातल्या शंकांना उत्तरंही आम्हीच देणार आहोत. या विषयाशी मराठीचं नातंही जुनं आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर या संघटनेचं नाव घेऊन. अशा भाषेत या स्त्रिया येताना अर्ध्यामुर्ध्या येऊ नयेत, एवढ्यासाठी हे पत्र जाहीरपणे लिहितो आहोत.

आमचं मुख्य म्हणणं असं. या स्त्रियांना गुलामीतून सुटण्यासाठी लढावं लागलंच, पण आपली गोष्ट आपल्या नावानं आणि आपल्या शब्दांत छापून यावी यासाठीही वेगळं लढावं लागलं. ही दुसरी लढाई काही जणींच्या मृत्यूनंतरही चालू राहिली. प्रस्तावना, परिशिष्टं आणि टिपा हे या दुसऱ्या लढाईचे कागद आहेत. ते काढून टाकले की वाचकाच्या हाती फक्त एक दुःखी बाई उरते. आपल्या गोष्टीवर हक्क सांगणारी लेखिका दिसेनाशी होते.

गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट जेकब्स आणि त्यांचं १८६१ साली छापलेलं आत्मकथन ‘इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल’ यांचं उदाहरण घ्या. जन्म १८१३, गाव नॉर्थ कॅरोलिनातलं ईडन्टन. मालकाच्या लैंगिक छळातून सुटण्यासाठी १८३५ मध्ये त्या पळाल्या आणि पुढची जवळजवळ सात वर्षं आजीच्या घरातल्या पोटमाळ्यावर लपून राहिल्या. माळा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि जिथं सर्वांत उंच तिथं तीन फूट. तिथून छप्पर उतरतं, त्यामुळे कूस बदलायचीही पंचाईत. त्या अंधारात त्यांच्या हाताला एक गिरमिट लागलं. त्यांनी भिंतीला एकाखाली एक अशा भोकांच्या तीन ओळी पाडल्या, मग मधलं लाकूड कोरून काढलं आणि इंचभर लांब, इंचभर रुंद असा झरोका केला. रस्त्यावरून जाणारी आपली मुलं त्यांना तेवढ्यातून दिसत. माळ्यावरूनच त्या मालकाला पत्रं लिहीत आणि ती विश्वासातल्या माणसाकरवी न्यूयॉर्कहून टपालात पडतील अशी व्यवस्था करीत. पत्ता खरा वाटावा म्हणून तिथल्या वर्तमानपत्राचा एक तुकडा मिळवून त्यातून गल्ल्यांची नावं त्यांनी घेतली होती. मालक त्यांना शोधायला उत्तरेकडे धावायचा आणि त्या त्याच्याच गावात, डोक्यावरच्या माळ्यात असायच्या.

हा भाग संक्षिप्त आवृत्तीत राहतो, कारण तो रोमांचक आहे. कात्री लागते ती दहाव्या प्रकरणाला. मूळ पुस्तकात एकंदर ४१ प्रकरणं आहेत. दहाव्यात जेकब्स सांगतात, की मालकाच्या हाती न पडण्यासाठी त्यांनी गावातल्या दुसऱ्या एका अविवाहित गोऱ्या माणसाशी संबंध ठेवले आणि त्यांना दोन मुलं झाली. १८६१ साली कुठल्याही स्त्रीनं स्वतःच्या हातानं हे लिहिणं म्हणजे सभ्य समाजाचे दरवाजे कायमचे बंद करून घेणं होतं. त्यांनी ते लिहिलं. आपल्याला दोष द्या, पण गुलाम स्त्रीला स्वतंत्र स्त्रीच्या मापानं मोजू नका, असं वाचकाला बजावलंही. किशोरांसाठी म्हणून हे प्रकरण गाळलं की एकविसाव्या प्रकरणातला माळा कळेनासा होतो. ही मुलं कुणाची, त्यांच्यासाठी ही बाई उत्तरेला न जाता इथंच का थांबली, मालक इतका का पिसाळला, यांपैकी कशाचाच उलगडा होत नाही. आमच्या मते या पुस्तकातलं सर्वांत मोठं धाडस माळ्यावर नाही, दहाव्या प्रकरणात आहे.

आता परिशिष्टांचं पाहा. जेकब्स यांनी हे पुस्तक १८५० च्या दशकात, एका श्रीमंत घरात मुलं सांभाळण्याची नोकरी करत, रात्री चोरून लिहिलं. त्याआधी एका सुप्रसिद्ध गोऱ्या कादंबरीकर्तीकडे मदत मागून पाहिली होती. त्या बाईंनी ही कहाणी आपल्याच पुढच्या पुस्तकात वापरण्याचा विचार केला आणि खरंखोटं करायला जेकब्स जिथं नोकरी करत त्या घरच्या मालकीणबाईंकडे विचारणा केली. मुलांच्या जन्माची जी गोष्ट जेकब्स यांनी मालकीणबाईंनाही सांगितली नव्हती, ती अशी परस्पर उघडी पडली. जेकब्स यांनी तो नाद सोडला आणि स्वतःच लिहायचं ठरवलं. पुढे लिडिया मारिया चाइल्ड या गोऱ्या लेखिकेनं संपादन केलं, प्रकरणांचा क्रम लावला आणि गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र उठाव करणाऱ्या जॉन ब्राऊनवरचं शेवटचं प्रकरण काढायला सुचवलं. छपाईच्या तोंडावर प्रकाशक बुडाला, तेव्हा छपाईचे ठसे जेकब्स यांनी स्वतः विकत घेतले आणि पुस्तक ‘लेखिकेसाठी प्रकाशित’ असं छापून बाहेर आलं. मुखपृष्ठावर संपादिकेचं नाव होतं, त्यांचं नव्हतं. आत त्या ‘लिंडा ब्रेंट’ या टोपणनावानं होत्या.

परिणाम असा झाला, की शंभराहून अधिक वर्षं कित्येक अभ्यासक हे पुस्तक चाइल्डबाईंनी रचलेली कादंबरी समजत राहिले. १९७२ साली एका नामवंत इतिहासकारानं ते फारच नाट्यमय आहे म्हणून पुराव्यातून बाद केलं. जीन फेगन येलिन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी रोचेस्टर विद्यापीठात जपलेली जेकब्स यांची पत्रं पुस्तकाशी ताडून पाहिली, एकेका पात्रामागची माणसं शोधली, १९८१ मध्ये लेख लिहिला आणि १९८७ मध्ये टिपांसह आवृत्ती काढली. तेव्हा कुठे लेखिकेला तिचं पुस्तक परत मिळालं. टिपा म्हणजे कोरडं पांडित्य, असं तुमच्या सूचनापत्रात सुचवलं आहे. या पुस्तकाच्या बाबतीत टिपांनीच लेखिकेचं नाव शाबूत ठेवलं.

पानांचाच प्रश्न असेल तर हिशेब करू. डेमी आकारात एक फॉर्म १६ पानांचा. कालपट, मूळ मुखपृष्ठाचा मजकूर, संपादकाची भूमिका, नावांची सूची आणि निवडक टिपा दोन फॉर्ममध्ये, म्हणजे ३२ पानांत, व्यवस्थित बसतात. दोन फॉर्मचा कागद वाचवायला पुस्तकाचा पुरावा काढून टाकणं आम्हाला मान्य नाही. मूळ पुस्तक तीनशेहून अधिक पानांचं आहे, ते १६० मध्ये कोंबणं तर नाहीच नाही.

दुसरी तक्रार गुलामीतून सुटून पुढे वक्त्या झालेल्या सोजर्नर ट्रूथ यांच्याबाबत, आणि ती आम्हाला जास्त टोचते, कारण दर ८ मार्चला त्यांचं नाव आपल्याकडच्या फलकांवर असतं. २९ मे १८५१ रोजी ओहायोतल्या अॅक्रन इथल्या स्त्री-हक्क परिषदेत त्यांनी भाषण केलं. त्याचा एक वृत्तान्त त्यांच्या परिचयातल्या संपादकानं २१ जून १८५१ ला, म्हणजे महिन्याभरात, छापला. दुसरा परिषदेच्या अध्यक्ष फ्रान्सिस गेज यांनी १८६३ मध्ये, बारा वर्षांनी. ‘मी बाई नाही का?’ ही फलकांवरची ओळ दुसऱ्यात पुन्हा पुन्हा येते, पहिल्यात एकदाही नाही. दुसऱ्यात त्यांच्या तोंडी दक्षिणेकडची मळ्यावरची बोली आहे. ट्रूथ दक्षिणेच्या नव्हत्याच. न्यूयॉर्क राज्यातल्या अल्स्टर परगण्यात डच कुटुंबाच्या गुलामीत त्या वाढल्या, त्यांची पहिली भाषा डच होती आणि इंग्रजी त्या पुढे शिकल्या. गेज त्यांना तेरा मुलं देतात. त्यांच्या स्वतःच्या चरित्रकथनात पाच आहेत.

मराठीत काय होतं? अनुवादक गेज यांचाच मजकूर घेतो आणि त्यावर आपल्याकडची एक सरमिसळ ‘गावठी’ चढवतो. ‘म्या’, ‘व्हतं’, ‘कुटं’. ही बोली ना वऱ्हाडची, ना माणदेशाची, ना खानदेशाची. ती मराठी मालिकांतल्या मोलकरणींसाठी बनवलेली आहे. १८६३ साली एका गोऱ्या बाईंनी केलेलं आपण दीडशे वर्षांनी पुन्हा करतो. कृपा करून दोन्ही वृत्तान्त तारखांसह समोरासमोर छापा. चार पानंही लागत नाहीत आणि विद्यार्थ्याला एका बैठकीत कळतं, की दुसऱ्याचं बोलणं लिहून घेताना काय काय घडतं.

आणखी एक. १८५० साली छापलेलं ट्रूथ यांचं चरित्रकथन त्यांनी ऑलिव्ह गिल्बर्ट यांना सांगितलं आणि गिल्बर्ट यांनी ते तृतीयपुरुषी लिहिलं, कारण ट्रूथ यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सांगणारी आणि लिहिणारी यांची मतं जिथं जुळत नाहीत तिथं पुस्तकात ते जाणवतं. नव्या मालेच्या नमुना प्रकरणात हे सगळं ‘मी’ करून टाकलं आहे, वाचकाला जवळीक वाटावी म्हणून. ते ‘मी’ ट्रूथ यांचं नाही, अनुवादकाचं आहे.

मुखपृष्ठासाठी साखळदंडातल्या हातांचं चित्र निवडल्याचं कळतं. ट्रूथ यांनी स्वतःची प्रतिमा स्वतः घडवली होती. त्यांच्या छायाचित्रात त्या खुर्चीवर ताठ बसल्या आहेत, अंगावर शाल, डोळ्यांवर चष्मा, हातात विणकाम. खाली छापलेल्या ओळीचा आशय असा, की देह चालवण्यासाठी मी माझी सावली विकते. १८६४ मध्ये त्यांनी या छायाचित्रांचा स्वामित्वहक्क स्वतःच्या नावावर नोंदवला आणि सभांमध्ये ती विकून गुजराण केली. हे चित्र वापरायला आज कुणाची परवानगी लागत नाही. ते सोडून साखळदंड का?

तिसरी गोष्ट मौखिक कथनांची. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकी सरकारच्या लेखक प्रकल्पानं १७ राज्यांत पूर्वीच्या गुलामांच्या २,३०० हून अधिक मुलाखती घेतल्या. तुमच्या मालेत यातल्या स्त्रियांच्या निवडक मुलाखतींचा एक खंड आहे. इथं मुलाखत घेणाऱ्याचं नाव आणि वंश गाळणं म्हणजे मजकुराचा अर्थच पुसणं. साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन इथल्या सुझन हॅमलिन यांच्या दोन नोंदी आहेत. एका गोऱ्या बाईंनी घेतलेल्या मुलाखतीत त्या मालकाला चांगला माणूस म्हणतात. त्या बाई सरकारी मदत कार्यालयातून आल्या आहेत, असा सुझनबाईंचा समज होता, आणि मंदीच्या दिवसांत म्हातारपणीचा निर्वाह त्या मदतीवर होता. काळ्या मुलाखतकारापुढे त्याच सुझनबाई फटके आणि आईपासून तोडून विकलेली मुलं यांबद्दल बोलतात. दुसऱ्या नोंदीत आडनाव ‘हॅमिल्टन’ असं आहे, त्यामुळे घाईत काम करणाऱ्याला या दोन वेगळ्या बाया वाटतात. एकच नोंद घेतलीत तर अर्धी बाई छापाल, आणि ती अर्धी कोणती हे संपादकाच्या सोयीवर ठरेल. या मुलाखतींत बऱ्याच ठिकाणी उच्चार तोच असूनही स्पेलिंग मुद्दाम बिघडवलेलं आहे. सगळे अमेरिकन ‘वॉझ’ (was) हा शब्द जसा उच्चारतात तसाच तो उच्चारला, पण बोलणारी काळी म्हणून लिहिताना अक्षरं फिरवली. असली बिघडवलेली अक्षरं मराठीत आणण्याची काहीच गरज नाही. वाक्याची लय, पुनरुक्ती, बायबलमधले संदर्भ आणि थांबे आणा. बोलणं त्यातच असतं.

मेरी प्रिन्स यांच्याबद्दल थोडक्यात. बर्म्युडात गुलामीत जन्मलेल्या या स्त्रीचं कथन १८३१ मध्ये लंडनला छापलं गेलं. मजकूर सुझॅना स्ट्रिकलंड यांनी उतरवून घेतला, थॉमस प्रिंगल यांनी संपादला आणि आपण त्याची छाटणी केली, हे प्रस्तावनेत प्रामाणिकपणे लिहिलं. १८३३ साली कोर्टात साक्ष देताना मेरी यांनी लग्नाआधीच्या एका संबंधाविषयी सांगितलं आणि हे आपण लिहून घेणाऱ्या बाईंनाही सांगितलं होतं असं म्हटलं. पुस्तकात ते नाही. मूळ प्रस्तावना काढलीत तर ही छाटणी झाली होती हे सुद्धा मराठी वाचकाला कळणार नाही.

यानंतरचा मुद्दा निव्वळ मराठी व्याकरणाचा आहे आणि तो आम्ही प्रत्येक मुद्रितात दुरुस्त करून थकलो आहोत. मालकीण येते तेव्हा ‘त्या म्हणाल्या’, लिंकन येतात तेव्हा ‘ते उठून उभे राहिले’, आणि ज्या स्त्रीचं पुस्तक आहे तिला पहिल्या पानापासून ‘ती’. इंग्रजीत हा भेद नसतो, मराठीत तो करावाच लागतो, म्हणून जबाबदारी आपली आहे. लहानपणाचा भाग सोडला तर लेखिकेला आदरार्थी लिहा, किंवा सगळ्यांनाच एकेरी लिहा. तसंच ‘आंट’ या हाकेचं. दक्षिणेत गोरे लोक वयस्क काळ्या स्त्रीला ‘आंट’ म्हणत, कारण ‘मिसेस’ म्हणायचं नव्हतं. मराठीत ‘मावशी’ केलं की त्या अपमानावर मायेचं पांघरूण पडतं. ‘आंट’ तसंच ठेवा आणि एका ओळीची टीप द्या. या लहानशा वाटणाऱ्या गोष्टीवर खटला लढला गेला आहे. १९६३ साली अलाबामातल्या गॅड्सडेनच्या कोर्टात नागरी हक्क चळवळीतल्या मेरी हॅमिल्टन यांनी आपल्याला ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्याशिवाय उत्तर द्यायला नकार दिला. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना पाच दिवसांची कैद आणि पन्नास डॉलर दंड झाला. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली.

हक्कांचं गणित लवकर आटोपतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी मजकूर मुक्त होतो, म्हणून जेकब्स, ट्रूथ आणि प्रिन्स यांच्या मूळ मजकुराला परवानगी लागत नाही. मात्र १९८७ च्या आवृत्तीतल्या टिपा आणि प्रस्तावना मुक्त नाहीत. त्या उचलायच्या असतील तर परवानगी घ्या, नाही तर मूळ कागदपत्रांवरून नव्या लिहवून घ्या. अनुवादकाशी करार करताना मुदत लिहिली नाही तर कायद्यानं ती पाच वर्षं धरली जाते, हे दोन्ही बाजूंना माहीत असलेलं बरं.

अभ्यास मंडळांना वेगळं सांगायचं आहे. दोन पानांच्या उताऱ्यात विद्यार्थ्याच्या हाती फक्त छळ येतो, कारण उतारा निवडणारा सर्वांत भयंकर पान निवडतो. चार लेखिकांचे चार उतारे नेमण्याऐवजी एक पुस्तक पूर्ण नेमा. पंधरा तासिका पुरतात: दोन मूळ प्रकाशनाच्या इतिहासाला, दहा मजकुराला, तीन मराठी आत्मकथनाशेजारी ठेवून वाचायला. शेजारी काय ठेवायचं याची वाण नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी घरच्यांपासून वह्या लपवून लिहिलेलं ‘जिणं आमुचं’ आहे, शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आहे, ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ आहे. जेकब्स रात्री चोरून का लिहीत होत्या, हे बेबीताई वाचलेल्या मुलीला समजावून सांगावं लागत नाही. पण दोघींचं दुःख एकच, असा सोपा निष्कर्ष परीक्षेच्या प्रश्नातच देऊ नका. जात आणि वंश वेगळ्या रीतीनं चालतात. विद्यार्थ्यांनी तो फरक शोधायचा आहे.

आमच्या मागण्या:

१. १६० पानांची मर्यादा या मालेपुरती मागे घ्यावी. पूर्ण छापणं शक्य नसेल तर ते पुस्तक यादीतून काढावं. संक्षेप करून मूळ लेखिकेचं नाव वर छापू नये.

२. प्रत्येक पुस्तकात मजकूर कुणी सांगितला, कुणी लिहिला, कुणी संपादला, कोणत्या साली आणि कोणत्या आवृत्तीवरून अनुवाद केला, हे मुखपृष्ठामागच्या पानावर द्यावं. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर असावं.

३. लैंगिक अत्याचार आणि संबंधांविषयीची प्रकरणं गाळू नयेत. किशोरांसाठी वेगळी आवृत्ती हवी असेल तर ती वेगळ्या नावानं, कुठली प्रकरणं नाहीत हे सांगून काढावी.

४. मौखिक कथनांच्या खंडात प्रत्येक मुलाखतीवर मुलाखतकाराचं नाव, वंश, ठिकाण आणि तारीख असावी. सुझन हॅमलिन यांच्या दोन्ही मुलाखती शेजारी शेजारी छापाव्यात.

५. बोलीचा निर्णय अनुवादकावर ढकलू नये. काम सुरू होण्याआधी संपादक आणि अनुवादक यांनी मिळून दोन पानांची भाषानोंद तयार करावी. हाका, आदरार्थी रूपं, शिव्या, वंशवाचक शब्द यांचं काय करायचं ते तीत लिहावं आणि तीच नोंद मुद्रितशोधकालाही द्यावी.

६. अभ्यास मंडळानं नेमलेल्या उताऱ्यांचे मूळ तपशील या सत्राच्या परीक्षेआधी महाविद्यालयांना परिपत्रकानं कळवावेत आणि पुढच्या वर्षीपासून एक पूर्ण पुस्तक नेमावं.

मालेतल्या पहिल्या दोन पुस्तकांची मुद्रितं तयार आहेत, अशी आमची माहिती आहे. छपाई थांबवली तर मूळ मजकुराशी ताडून गाळलेले परिच्छेद परत बसवण्याचं, टिपा लिहिण्याचं आणि नावांची सूची करण्याचं काम आम्ही मानधनाशिवाय करू. एका पुस्तकाला साधारण सहा आठवडे लागतील. आपलं उत्तर लेखी आणि जाहीर असावं, कारण ही पुस्तकं विकत घेणारा वाचक आणि त्यांवर परीक्षा देणारा विद्यार्थी, दोघांनाही ते वाचता आलं पाहिजे.

आपले,
काळ्या स्त्रियांच्या आत्मकथनांवर काम करणारे काही अनुवादक, मुद्रितशोधक आणि अध्यापक